मिलिग्रामसाहेबांचा कूलर

मला लोक तोंडाळ म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बाईने चालवायचं म्हणजे येणारा प्रत्येक जण आधी "दुरुस्त करणारे कुठे गेलेत?" असं विचारतो. दुरुस्त करणारी मीच आहे हे पचवायला त्याला आणखी वेळ लागतो. वीस वर्षं हे ऐकल्यावर जीभ गोड कशी राहणार? तेव्हा सांगता सांगता मी कुठे चिडले तर समजून घ्या. या सगळ्यात मी सर्वांत जास्त चिडलेय ती माझ्यावरच.

मिलिग्रामसाहेब पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा शेजारच्या फळवाल्याने पाठ फिरवली आणि समोरच्या किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. माणूस रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी बाजाराची ही सवय जात नव्हती. पस्तीस वर्षं ते वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त करायची आणि दंडाची पावती फाडायची, हे त्यांचं काम. चहा घेत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. बाजाराने त्यांचं नाव मिलिग्राम ठेवलं होतं. तोंडावर साहेब, मागे मिलिग्राम. मी दोन्ही जोडून टाकलं आणि पुढे तोंडावर काका म्हणायला लागले.

त्यांनी काउंटरवर एक कागद ठेवला. पट्टीने आखलेला, नऊ ओळींचा. प्रत्येक ओळीत रविवारची तारीख, सुरू अकरा वाजता, बंद अकरा सतराला. एकदा अकरा सोळा, एकदा अकरा अठरा.

"मशीन आपोआप बंद पडतं," ते म्हणाले. "सरासरी सतरा मिनिटं."

"पंखा गेला असेल," मी म्हटलं. "कॉम्प्युटरच्या आत जो प्रोसेसर असतो ना, त्याच्यावर एक पंखा असतो. तो नीट चालला नाही की प्रोसेसर तापतो, आणि मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. नवा कूलर टाका, काम झालं."

एवढ्यावर दुसऱ्या कुणीही "टाका" म्हटलं असतं. यांनी खिशातून दुसरा कागद काढला. पेन्शनचा दहावा हिस्सा, त्याहून एक पैसा जास्त खर्च करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात कुठला कूलर सर्वांत चांगला ते त्यांना ठरवायचं होतं. मग सुरू झालं. चार दिवस रोज अकराला हजर. साधा पंखा घेतला तर स्वस्त, पण पुन्हा दोन वर्षांत बोंब. पाण्याचा कूलर घेतला तर थंडगार, पण खिशाच्या बाहेर.

"आणि त्यातलं पाणी गळलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मशीन आंघोळ करेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. कागदावर 'गळतीचा धोका' असं लिहिलं.

मधला पर्याय म्हणजे टॉवर कूलर. तांब्याच्या चार नळ्या, त्यांच्यावर पत्र्यांची चळत, बाजूला मोठा पंखा. तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळहातावर धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सातशे दहा ग्रॅम." खोक्यावर सातशे वीस लिहिलं होतं. "स्क्रू धरून असेल," ते म्हणाले. मी गुपचूप सोनाराच्या दुकानातून छोटा काटा आणून बघितलं. दहा ग्रॅमचे स्क्रूच होते. मेला माणूस, मी मनात म्हटलं.

चौथ्या दिवशी माझं डोकं सटकलं. दुकानात तीन मशीन उघडी पडली होती आणि हे विचारत होते की पंख्याला मिनिटाला किती फेरे.

"काका, तुम्ही या कॉम्प्युटरवर करता तरी काय? रॉकेट सोडता?"

"भावाशी बोलतो," ते म्हणाले. "रविवारी अकरा वाजता."

आणि मग त्या माणसाने मला, काउंटरला टेकून, शांतपणे सगळं सांगितलं. असं वाटलं की कुणीतरी विचारावं याची ते बरीच वर्षं वाट बघत होते.

आई-वडील लवकर गेले, धाकट्याला त्यांनीच वाढवलं. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, यात स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकट्याने धान्याचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. एक दिवस ऑफिसात तक्रार आली, त्या दुकानात माप कमी मिळतं. मिलिग्रामसाहेब गेले आणि काटा तपासला. किलोला वीस ग्रॅम कमी. काटा जप्त, दंडाची पावती, दुकानाच्या दारावर नोटीस. गिऱ्हाईक तुटलं, वर्षाच्या आत दुकान बंद झालं. धाकटा बायकोला घेऊन परदेशातल्या मुलाकडे गेला तो गेलाच. चौदा वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"मधल्या काळात त्याने दोनदा फोन केला होता," ते म्हणाले. "मी आवाज ओळखला आणि ठेवून दिला."

"का?"

त्यांनी खांदे उडवले. "जमलं नाही."

मग धाकट्याची बायको वारली. यांनी पत्र पाठवलं. पत्रावरून पुतण्याने दोघांना व्हिडिओ कॉलवर आणलं. यांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, कारण डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मोठे स्पीकर लागतात, आणि हातातला फोन साधा बटणांचा. दर रविवारी दोघं भाऊ बोलायला लागले. हवापाणी, गुडघे, रक्तदाब. पंधरा मिनिटं बरी जायची. मग धाकटा गाडी जुन्या दुकानाकडे वळवायचा आणि नेमकं तेव्हा मशीन खटकन बंद.

"त्याला वाटतं मीच बंद करतो," ते म्हणाले. "पूर्वी फोन ठेवायचो तसा. मागच्या रविवारी म्हणाला, दादा, तुला ऐकायचंच नसेल तर मी कशाला तोंड वाजवू?"

आता मला कळलं की हा कूलरचा हट्ट नव्हता. त्या सतरा मिनिटांवर एका माणसाचं जगात उरलेलं एकुलतं एक नातं लटकलेलं होतं. मला लाज वाटली, पण मी ती दाखवत नाही. मी म्हटलं, "टॉवर घ्या. शनिवारी घरी येऊन बसवून देते. बसवण्याचे पैसे नकोत."

"पावती लागेल," ते म्हणाले.

शनिवारी गेले. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून ठेवलेला. मला बसायला द्यायचं म्हणून त्यांनी तो उचलला, आणि कुठे ठेवावा हेच त्यांना समजेना. हातात धरून उभे राहिले. शेवटी पलंगावर ठेवला. त्या खोलीत दुसरं माणूस कधी बसत नसावं, एवढं मला तेव्हाच समजलं.

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. ते माझ्या डोक्यावर टॉर्च धरून उभे. प्रत्येक स्क्रूचे फेरे मोजत होते, आणि मोठ्याने मोजत होते. मला कामाच्या वेळी कुणी डोक्यावर उभं राहिलेलं अजिबात खपत नाही. त्यात दुकानातून फोनवर फोन येत होते.

"ताई," त्यांनी विचारलं, "याच्या तळाचं काही काढायचं असतं का?"

"काका, मी वीस वर्षं हेच करतेय," मी फाडकन म्हटलं. "तुम्ही टॉर्च धरा."

ते टॉर्च धरून राहिले. मी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, कूलर बसवला, मशीन सुरू केलं. पंखा सुरेख फिरला. दहा मिनिटं बघितलं, पावती दिली आणि निघाले.

रविवारी काय झालं ते मला मागाहून कळलं. त्यांनी फोन लागल्या लागल्या भावाला सांगितलं होतं, "नवा कूलर बसवलाय. आता बंद पडणार नाही. आणि पडलाच, तर मीच बंद केला असं समज." आयुष्यभर शब्दाला जागणारा माणूस. त्याने असं बोलून ठेवलं म्हणजे संपलंच. धाकटा खुश झाला, मोकळा झाला. म्हणाला, मग आज सगळं बोलू. आणि एकोणिसाव्या मिनिटाला, तो "त्या दिवशी दुकानात" एवढं म्हणतो न म्हणतो, मशीन बंद.

पुढच्या रविवारी भावाचा कॉल आला नाही. यांनी लावला तर उचलला नाही. साध्या फोनवरून लावला तर भावाच्या सुनेने घेतला. बाबा झोपलेत म्हणाली. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्यांनी मला दुकानात फोन केला. मी टाकून दिलेल्या प्रोग्राममध्ये तापमान शहाण्णव अंश दाखवतंय म्हणाले. मी घाईत होते. "खोली गरम असेल, खिडकी उघडा," म्हटलं आणि ठेवला. तेव्हा गेले असते तर दोन आठवडे वाचले असते. पण मी गेले नाही. आपलं चुकलं असेल हे माझ्या डोक्यातच येत नाही, हा माझा जुना रोग.

तीन रविवार असे गेल्यावर ते पुन्हा दुकानात आले. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. फक्त कागद. दर पाच मिनिटांचं तापमान, खिडकी उघडी ठेवून, खिडकी बंद ठेवून, कॅबिनेटचं झाकण काढून. आकडे मी दोनदा वाचले. नवा टॉवर कूलर असे आकडे देतच नाही.

तशीच त्यांच्याबरोबर घरी गेले. स्क्रू काढले, कूलर उचलला आणि उलटा केला.

तळाला पारदर्शक प्लास्टिक होतं. नव्या कूलरच्या तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ फिल्म चिकटवलेली असते. त्यावर चार भाषांत लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, बसवण्यापूर्वी काढा. मी ती न काढता वरूनच पेस्ट लावली होती. उष्णता वर जायला वाटच नव्हती. ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात आणि शिव्या खातात. मी वीस वर्षांनी केली, आणि तीसुद्धा या माणसाने विचारल्यानंतर.

बोलावं की नाही? खरं सांगते, क्षणभर मनात आलं की फिल्म गुपचूप मुठीत घ्यावी. पेस्ट खराब निघाली म्हणून सांगता आलं असतं. ज्याने सख्ख्या भावाची पावती फाडली, तो मला सोडणार होता का? पण ते टॉर्च धरून शेजारीच उभे होते.

"काका, चूक माझी आहे," मी म्हटलं. "हे काढायचं राहिलं. तुम्ही विचारलं होतंत."

त्यांनी फिल्म हातात घेतली. उजेडाकडे धरली, लाल अक्षरं वाचली. मी वाट बघत बसले.

"नक्की?" ते म्हणाले. "यामुळेच बंद पडलं?"

"नक्की."

ते पलंगाच्या कडेला बसले. "मी तीन आठवडे आठवतोय," ते म्हणाले, "माझा हात तेव्हा कुठे होता. मला वाटायला लागलं होतं की मीच दाबलं असेल बटण. सवयीने."

मी फिल्म काढलेला कूलर पुसला, नवी पेस्ट लावली, बसवला. तासभर मशीन तापवून बघितलं. आकडा पंचावन्नच्या वर गेला नाही. मग त्यांच्या भावाचा नंबर घेतला आणि माझ्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला. अनोळखी नंबर म्हणून असेल, त्याने उचलला. तसाच चेहरा, तेच कान, फक्त गालांवर थोडं जास्त मांस.

मी ती फिल्म कॅमेऱ्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. मी कोण, काय विसरले, मशीन का बंद पडलं.

तो ऐकत राहिला. "दादाने सांगायला सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. ते इथे बसलेत, पण मला थांबवत होते. माझी चूक आहे, मी सांगतेय."

"दादाच्या बाजूने बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. आणि पुढे, "बरं. रविवारी करतो."

त्या रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. मशीनजवळ कुणी जाणकार असलेलं बरं म्हणाले. पावणेअकराला पोचले तर दुसरी खुर्ची मोकळी करून, पुसून ठेवली होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले.

अकराला कॉल आला. गुडघे झाले, रक्तदाब झाला. सुनेने नवं औषध सुरू केलंय ते झालं. दोघंही जपून बोलत होते, पण बोलत होते. पंधरा मिनिटं झाली. सतरा झाली. आकडा एकावन्न. काका तिरक्या डोळ्याने कोपऱ्याकडे बघत होते, आणि विसाव्या मिनिटाला त्यांच्या तोंडावर हसू आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "बघ," ते भावाला म्हणाले, "चालू आहे."

"चालू आहे," धाकटा म्हणाला. "मग दादा, आता ऐक. मला भांडायचं नाही. काटा कमी होता. वीस ग्रॅम. मला माहीत होतं."

काकांनी कोपऱ्यातला आकडा बघायचं सोडलं.

"तू पावती फाडलीस ते बरोबर होतं. हे सांगायला मला चौदा वर्षं लागली. पण एक विचारू? ऑफिसात तुम्ही चार इन्स्पेक्टर होतात. दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं. तू स्वतः का आलास?"

आकडा चोपन्न. मी काकांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. काहीही बोलले असते तरी चाललं असतं. चुकलो म्हणाले असते, लोक काय म्हणतील म्हणून आलो म्हणाले असते, माहीत नाही म्हणाले असते. पडद्यावर तो म्हातारा भाऊ पुढे वाकून, कान देऊन बसला होता.

काकांचा हात उठला, कॅबिनेटकडे गेला आणि त्यांनी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

ते आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

दोन मिनिटांत माझा मोबाईल वाजला. भावाचाच. मी काकांसमोर धरला. त्यांनी मान हलवली, नको. मग माझ्याकडे असं बघितलं की काय हवंय ते विचारायची गरज राहिली नाही. एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

मी फोन उचलला.

"काय झालं हो?" धाकट्याने विचारलं. "पुन्हा गरम झाला का?"

"हो," मी म्हटलं.

धान्याच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, आकडा विचारल्याशिवाय राहतो का? "किती झालं होतं तापमान?"

काका एका हाताच्या अंतरावर बसले होते. स्पीकरवरचं सगळं त्यांना उजव्या कानाने ऐकू येत होतं.

"सत्त्याण्णव," मी म्हटलं.

"सत्त्याण्णव म्हणजे बंद पडणारच," तो म्हणाला. दादाचा हात बटणाकडे जाताना त्याला पडद्यावर दिसला असणार. "दादाला सांगा, त्याची काही चूक नाही म्हणावं. पुढच्या रविवारी करतो."